माई, तुम्ही परळला कीर्तनाला जात नव्हता

माई,

आधी ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं. खोडलं. चारचौघांत मी तुम्हाला वाकून नमस्कार करत आले, पण त्या एका दुपारनंतर आपल्या दोघींत ती सासूसुनेची भाषा उरली होती का? नव्हती. म्हणून नुसतं माई.

काल तुमचं तेरावं झालं. पुरुषांची पंगत उठली, बायका जेवायला बसल्या. मी खीर वाढत होते. तेवढ्यात शेजारच्या खोलीतल्या इंदूताई म्हणाल्या, “माईंचं पुण्यच मोठं हो! दुपारी आडव्या झाल्या काय नि झोपेतच गेल्या काय! उभ्या जन्मात डॉक्टरची पायरी चढल्या नाहीत, अंगाला कधी सुई लावून घेतली नाही.” सगळ्यांनी माना हलवल्या.

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. कुणाच्या पानात वाढत होते तेच कळेना. सुई लावून घेतली नाही! माई, किती सुया घेतल्यात तुम्ही! आणि प्रत्येक वेळी तुमची पिशवी मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर मी बसलेली!

हे मी कुणाशी बोलू? ह्यांच्याशी, तुमच्याच मुलाशी, तरी कसं बोलू? जिच्याजवळ मन मोकळं करता आलं असतं अशी एकच बाई होती, नि तिचंच काल तेरावं झालं. हे कामावर गेलेत. आपली चिमी इंदूताईंकडे खेळतेय. म्हणून कागद घेऊन बसलेय.

ते दिवस तुम्हाला आठवतात ना? हे ठाण्याच्या तुरुंगात होते. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ म्हणत फोर्टात सत्याग्रह केला आणि तिथूनच पोलिसांच्या गाडीत चढले. ऑफिसात रजेचा अर्जसुद्धा दिला नव्हता! हिंदमात्याच्या मागच्या आपल्या त्या दोन खोल्यांत आपण दोघीच. लग्नाला वर्ष उलटून गेलेलं, मला पाचवा महिना लागलेला, आणि मला तुमची भीती वाटायची. खरंच सांगते. तुम्ही कधी ओरडला नाहीत. पण तुम्ही स्वयंपाकघरात पाऊल टाकलंत की मी घासलेलं भांडं उगीच पुन्हा घासायची.

परळच्या बाळंतपणाच्या हॉस्पिटलात माझं नाव घातलंत तेही तुम्हीच. आमच्याकडे सगळी बाळंतपणं घरात झालेली, मला वाटलं इथंही तसंच होईल. पण तुम्ही ठाम होतात. “घरी नको. डॉक्टर हवी.” का, ते तेव्हा मला कळलं नव्हतं. मी समजले, सासूबाई नव्या विचाराच्या आहेत!

नाव घातलं त्या दिवशी सगळ्याच बायकांचं रक्त घेतलं. रांगेत उभ्या होतो आम्ही, एकमेकींकडे बघून हसत. दंडाला रबरी नळी बांधली, सुई टोचली, बाटलीवर चिठ्ठी चिकटवली. मी विसरूनही गेले. रिपोर्ट आणायला गेलो तेव्हा माझ्या मनात काय होतं, सांगू? परतीच्या वाटेवर हिंदमात्याच्या दुकानात झबल्यांसाठी मऊ कापड बघायचं, एवढंच.

डॉक्टरीणबाई पारशी होत्या. केस पिकलेले, डोळ्यांवर जाड चष्मा आणि मराठी त्यांचं त्यांनीच बनवलेलं. कागद वाचला, परत वाचला आणि तुम्हाला म्हणाल्या, “तुमी जरा बाहेर बसा.”

“मी इथंच बसते,” तुम्ही म्हणालात नि बसलात.

“तुझा नवरा काय करते?” त्यांनी मला विचारलं.

“तुरुंगात आहेत.”

बाईंच्या भुवया वर गेल्या. तुम्ही ताडकन म्हणालात, “चोरी करून नाही. सत्याग्रहात गेलाय.”

“हां हां, समजला.” मग त्या भलभलतं विचारायला लागल्या. लग्नाआधी तो कुठं राहायचा? त्याला कधी कुठं जखम झाली होती? अंगावर पुरळ? तुला कधी? मी नाही नाही म्हणत होते, आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापत चालल्या होत्या. अशा गोष्टी सासूच्या देखत!

“रक्तात दोष दिसते,” बाई शेवटी म्हणाल्या.

“कसला दोष?” तुम्ही विचारलंत.

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तुमच्याकडे, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “गरमीचा.”

माई, मला काय वाटलं ठाऊक आहे? मला वाटलं, उष्णता! डोहाळे लागल्यापासून मी कैरीचं लोणचं खात सुटले होते, त्यानं उष्णता झाली असणार! मी सांगणारच होते, की आजपासून लोणचं बंद, सब्जाचं पाणी घेते. तोंड उघडलं, आणि तुमच्याकडे नजर गेली.

तुमचा चेहरा असा झाला होता की मी तो तोवर कुणाचाच बघितला नव्हता. तुम्ही टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. तेव्हा मला कळलं, ही कुठली गरमी. माहेरी मोठ्या बायका कुजबुजताना कधीतरी कानावर पडलेला शब्द. वाईट वस्तीत जाणाऱ्या माणसांचा रोग. तो माझ्या रक्तात? माझ्या?

मी माझ्या नखांकडे बघत बसले. उजव्या अंगठ्याचं नख जरा तुटलं होतं. तेच बघत होते. पोटात बाळ हललं नि मला त्याला हात लावायची भीती वाटली!

आता तुम्ही मला काय म्हणणार, याची मी वाट बघत होते. दुसरी कुठलीही सासू काय म्हणाली असती ते मला माहीत होतं. ‘हिच्या माहेरचं बघा’ म्हणाली असती, ‘माझा मुलगा तुरुंगात नि ही...’ म्हणाली असती. आणि तुम्ही डॉक्टरीणबाईंना म्हणालात, “तिला काही विचारू नका. हिचा काही दोष नाही.”

एवढं ठामपणे! मीच चकित झाले. तुम्हाला कसं ठाऊक?

“दोष कोनाचा ते मी विचारत नाय,” बाई म्हणाल्या. “डिकरी, इकडे बघ माझ्याकडे. ही तपासणी आमी सगळ्या बायकांची करतो, कोनावर शक म्हणून नाय. आनि ही नुसती चाळणी हाय. चाळणीत खडा राहते, तसा कधी चांगला दाणा पन राहते. कागदावर लिवला म्हणजे रोग झालाच, असा नाय. तुझा दोष पन अगदी काठावर दिसते. मला सांग, ताप आला होता? थंडी वाजून? देवी टोचल्या?”

मी पदर बाजूला करून दंड दाखवला. देवीची साथ आली म्हणून म्युनिसिपालिटीची माणसं दारोदार फिरून सगळ्या चाळीला टोचून गेली होती. मला दोन दिवस तापही चढला होता. खपली नुकतीच पडली होती. बाई उठल्या, मला खिडकीशी नेलं, चष्मा सारखा करून दंड बघितला.

“हे असेल,” त्या म्हणाल्या. “असेलच, असा मी सांगत नाय. पन या टोचणीनं रक्त कधी कधी खोटा बोलते. आता असा करायचा. थोडे आठवडे थांबायचा. मग परत रक्त द्यायचा, मी ते दोन ठिकाणी पाठवणार. नवरा सुटून आला की त्याचा पन बघायचा. आनि खरा निघाला, तरी घाबरायचा नाय. पेनिसिलीन हाय, बाळाला काय होत नाय. वेळ हाय आपल्याकडे. तोवर घरी जाऊन कोनाशी भांडायचा नाय.”

त्यातलं मला तेव्हा किती समजलं? काहीच नाही. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. हे सगळं नंतर तुम्हीच मला पुन्हा पुन्हा सांगितलंत.

ट्राम समोरून निघून गेली, तुम्ही थांबवली नाहीत. तुम्ही पुढं, मी मागं. भर उन्हात चालत आलो. आणि चालता चालता माझ्या डोक्यात काय काय येत होतं म्हणून सांगू! हे चळवळीच्या कामाला म्हणून पुण्याला जायचे, नाशकाला जायचे, मुक्काम करायचे. कुठं करायचे? कुणाबरोबर? ज्या माणसाच्या चपलांचा आवाज जिन्यात ऐकला की मी हरखून जायची, तो माणूस एका कागदानं मला परका करून टाकला. आणि उलट, हा कागद त्यांना दिसला तर ते माझ्याबद्दल काय समजतील?

घरी आल्यावर तुम्ही भात टाकला नाहीत. दार लावून कडी घातलीत. दिवसाढवळ्या चाळीत दार लावलं की लोकांना वाटतं, आत कुणीतरी गेलं!

“कुमुद, बस,” तुम्ही म्हणालात. “मधूचा संशय घेऊ नकोस. त्यानं काही केलेलं नाही. हे माझ्याकडून आलंय.”

मी बघतच राहिले. तुमच्याकडून? एकादशी न चुकवणाऱ्या, परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या माझ्या सासूकडून?

“तुझे मामंजी कराचीला होते, बंदरात कारकून. मी गिरगावात, माझ्या सासूजवळ. तिकडून आले ते अंगावर चट्टे घेऊन. वैद्यानं रसकापूर दिला, पाऱ्याचं औषध. त्यानं हिरड्या सुजल्या, तोंडातून लाळ गळायची. सासूबाई म्हणाल्या, कराचीचं पाणी बाधलं. मीही तेच धरून चालले. मग माझं पहिलं आठव्यात गेलं. आतच गेलेलं होतं. मग दुसरं, तसंच. तिसरा मुलगा जिवंत आला. पण तळहातांची, तळपायांची कातडी सोललेली. नाक सारखं वाजायचं. त्याला दूध ओढता येईना. गेला.”

तुम्ही हे कसं सांगत होतात, माई! डोळ्यांत पाणी नाही, आवाजात कंप नाही. जसं काही शेजारणीचं सांगताय.

“मग एकदा वैद्य ह्यांना म्हणत होता ते दाराआडून ऐकलं. गरमी आहे म्हणाला, पोरं राहायची नाहीत.”

“तुम्ही त्यांना विचारलं नाहीत?”

“काय विचारू? पुढं आक्का झाली. बऱ्याच वर्षांनी मधू. दोघं जगली. मला वाटलं, संपलं ते सगळं. नाही संपलं बघ. मधूच्या रक्तात राहिलं असणार, नि आता तुझ्या पोटापर्यंत जाऊन पोचलं.”

आणि तुम्ही माझ्यापुढं हात जोडलेत! तुम्ही! माझ्यापुढं! मी पुढं झाले नि तुमचे हात धरून खाली केले. तुमच्या अंगाला मी पहिल्यांदा हात लावला असेन तो तेव्हा.

भिंतीवर मामंजींचा फोटो होता. पगडी, कोट, उपरणं. मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, पण रोज सकाळी त्या फोटोला नमस्कार करायची. ताजा हार मीच घातला होता.

“आणि तुम्ही मामंजींसाठी वडाला सूत गुंडाळायला जात होता?” मी विचारलं. सासूला असं विचारतात का? पण तोंडातून गेलं.

“सगळ्या जात होत्या,” तुम्ही म्हणालात. “मी एकटी घरी बसले असते, तर सगळ्यांनी विचारलं असतं, का नाही आलीस?”

 

मग ते वाट बघायचे आठवडे. ह्यांना भेटायला ठाण्याला गेले होते तेव्हा ह्यांनी जाळीपलीकडून विचारलं, “डॉक्टर काय म्हणाली?” मी म्हटलं, “परत बोलावलंय.” ते हसले, म्हणाले, “बाळ जन्माला येईल तेव्हा मुंबई आपली असेल बघ!” आणि मी त्यांच्या हातांवर, मानेवर डाग शोधत होते! तुम्ही छातीठोकपणे सांगितलेलं असूनही शोधत होते. सगळ्या आंदोलनाच्या गप्पा त्यांनी मला सांगितल्या, एक शब्द माझ्या कानात शिरला नाही.

घरी तुम्ही तुमचा कप वेगळा ठेवायला लागलात. ताट वेगळं. शेजारची पोरं मांडीवर यायची, त्यांना ‘जा रे, पाय दुखतोय’ म्हणून उठवायचात. एका सकाळी मी तुमचा कप उचलला आणि तुमच्यासमोर त्यातला चहा पिऊन टाकला. तुम्ही “अगं, अगं!” करत उठलात. मी म्हटलं, “मला आहेच ना, मग आता काय?” माई, किती घाबरलात तुम्ही! पुढं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कपानं असलं काही लागत नाही. तेव्हा तुम्ही माझ्याकडे एकदाच बघितलंत. पण त्या दिवसापासून मी भांडी दोनदा घासायची सोडली.

दुसऱ्यांदा रक्त द्यायला गेलो. माझं झालं. तुम्ही पुढं झालात, लुगड्याचा पदर सावरला, चोळीची बाही वर सरकवली आणि म्हणालात, “माझंपण घ्या.”

परिचारिका हसायला लागली. “आजी, तुम्हाला कितवा महिना?”

तुम्ही हसला नाहीत. डॉक्टरीणबाईंना बोलवायला सांगितलंत आणि पडद्याआड उभ्या राहून त्यांना सगळं सांगितलंत. कराची, रसकापूर, तिन्ही बाळं. मी शेजारीच होते. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग स्वतःच्या हातानं तुमचं रक्त घेतलं. बाटलीत चढत जाणारं रक्त तुम्ही टक लावून बघत होतात. मला म्हणालात, “रंग तर सारखाच आहे गं.”

निकालाच्या दिवशी बाईंनी आधी माझा कागद काढला. “साफ! दोन्ही ठिकाणी साफ. तो टोचणीचा खेळ होता, डिकरी. तुला काय नाय.”

मला काही नव्हतं! कधीच नव्हतं! इतके दिवस मी ज्याच्यासाठी रडले, ते नव्हतंच! मी रडायला लागणार, तेवढ्यात त्यांनी दुसरा कागद उचलला.

“माई, तुमचा मात्र पक्का हाय. जुना हाय. पन उपाय हाय.”

“म्हणजे होतं,” तुम्ही म्हणालात.

“हां. होता.”

“मग माझी पोरं यानंच गेली?”

“यानंच.”

“मी काही केलं म्हणून नाही?”

“तुमी काय केला, बाई? तुमी काय पन नाय केला.”

आणि तुम्ही हसलात! मी घाबरले, माई. मला वाटलं, तुमच्या डोक्यावर परिणाम झाला. तुम्ही हसत होतात आणि म्हणत होतात, “ग्रहण पाळलं होतं मी. सगळी ग्रहणं पाळली होती. सासूबाई म्हणायच्या, विळी हातात घेतली असशील. नव्हती घेतली गं. पोरं खाणारी म्हणायच्या मला. बारशाला बोलवायच्या नाहीत कुणी.” आणि मग ते हसू कुठं संपलं नि हुंदके कुठं सुरू झाले ते कळलंच नाही. डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं. बाहेर बायकांची रांग खोळंबली होती, तरी घेतलं.

पोटुशी असलेल्या मला जो कागद मरणासारखा वाटला होता, तसल्याच कागदानं तुमची इतक्या वर्षांची शिक्षा संपवली. मला त्याचं नवल अजून वाटतं. रक्तात रोग निघाला म्हणून कुणाला हलकं वाटतं का? तुम्हाला वाटलं. मी डोळ्यांनी बघितलं.

मग सुरू झाली तुमची ‘कीर्तनं’. परळला दर आठवड्याला कीर्तन असतं, असं तुम्ही चाळीत सांगून ठेवलंत. पेनिसिलीन घ्यायला जाताना हातात टाळांची पिशवी! आणि इंदूताईंनी विचारलं, “माई, बुवा कोण हो?” तर तुम्ही शांतपणे म्हणालात, “नाव नाही विचारलं. पण फार टोचून बोलतात.” मला हसू आवरेना, मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. तुम्हाला विनोद करता येतो, हे मला तेव्हा कळलं!

हे सुटून आले. “हल्ली बाळंतपणाआधी नवऱ्याचंही रक्त बघतात,” तुम्ही सांगितलंत, आणि ह्यांनी गुमान बाही वर केली. तेही साफ निघालं. चिमी झाली, गुटगुटीत, आरडाओरडा करत. पहिल्या अंघोळीला तुम्ही तिचे तळहात उलटेपालटे करून बघितलेत, तळपाय बघितलेत, नाकाशी कान लावून श्वास ऐकलात. परिचारिका म्हणाली, आजीचं प्रेम! पुढं राज्य झालं, चाळीत पणत्या लागल्या, पेढे वाटले. हे गच्चीत गळा फाटेस्तोवर घोषणा देत होते. आणि तुम्ही चिमीला घेऊन कठड्याशी उभ्या होतात. मला वाटलं, आता सगळं बरं झालं.

पण माई, सगळं बरं नव्हतं झालं. इथं मला तुमच्याशी भांडायचंय.

तुमचा कागद हातात असतानाच डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, “जगलेली मुलं किती? दोघांनाही आना. मोठीला आधी.” ह्यांचं झालं. पण आक्का? काळाचौकीला दिलेली तुमची थोरली लेक? लहानपणी तिच्या डोळ्यांत फूल पडलं होतं, तेव्हापासून जाड चष्मा. ते ऐकून तर बाई खुर्चीत पुढं सरकल्या होत्या. “आना तिला. हा रोग आईच्या पोटातून आला तर आधी डोळे धरते, मग कान,” म्हणाल्या. आणि तुम्ही वाटेत मला म्हणालात, “आक्काला नाही न्यायची.”

“का?”

“तिच्या सासरची माणसं चाळणी नि दाणा ऐकून घ्यायची नाहीत. कागद हातात पडला, की माझी लेक माझ्या दारात. नि तिला मी काय सांगू? तुझा बाप असा होता? नको, कुमुद. मी जिवंत असेपर्यंत नको.”

मी भांडले होते. आठवतं ना? म्हटलं, तुम्हाला औषध मिळालं, माझी चिमी निर्धास्त झाली, ह्यांचं कळलं, मग जिला सगळ्यात जास्त गरज आहे ती तेवढी का राहावी? तुम्ही म्हणालात, “ती सुखात आहे. सुखात असू दे.” रक्त देताना न डगमगणारी बाई लेकीच्या नावानं अशी भित्री होईल, असं मला वाटलं नव्हतं. तुम्ही जिच्यासाठी घाबरलात तिलाच उघड्यावर ठेवलंत, माई! दर सणाला ती यायची, तुम्ही तिच्या तोंडावरून हात फिरवायचात नि मला नजरेनं गप्प करायचात. का केलंत असं?

या तेरा दिवसांत आक्का इथंच होती, काल रात्री सासरी परतली. भेटायला येणारी माणसं बोलायची नि ती भलत्याच ठिकाणी मान हलवायची. मला वाटलं, दुःखानं लक्ष नाही. परवा ती पोळ्या लाटत होती, चिमी मागून “आत्या, आत्या” करत होती. आक्का वळेचना. चिमी रडायला आली. मी आक्काच्या समोर जाऊन विचारलं, “आक्का, ऐकू येत नाही का?”

“हा कान तर वर्षभर बंदच,” ती म्हणाली. “आता दुसराही जायला लागलाय. आत सारखी शिट्टी वाजते. असेल काही, वय झालं.”

वय झालं! चाळिशीसुद्धा गाठली नाही तिनं! फोटोतले मामंजी भिंतीवरून बघत होते आणि तुम्ही नव्हता. पहिल्यांदा मला तुमचा इतका राग आला, इतका राग आला, की काल पिंडाला हात जोडतानाही गेला नव्हता.

आज सकाळी मी एकटीच परळला जाऊन आले. बाई अजून तिथंच आहेत, आता आणखी वाकल्यात. तुमचं सांगितलं, आक्काच्या कानांचंही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, “गेलेला कान मी परत देत नाय, डिकरी. खोटा कशाला बोलू? पन राहिलाय तो वाचवायचा बघू. दुसऱ्या कशानं पन असेल, आधी रक्त बघू. कधी आनते तिला?”

मी म्हटलं, “लवकर.”

तर माई, ऐका. तुमचा शब्द मी तुम्ही असेपर्यंत पाळला. आता नाही पाळणार. आज संध्याकाळी हे आले की आधी ह्यांना सांगेन. उद्या काळाचौकीला जाईन. तिच्या सासूशी काय बोलायचं ते माझं मी बघेन, पण आक्काशी खरं तेच बोलेन. एका कागदानं माणूस संपत नाही, हे मी स्वतः भोगून शिकलेय, ते तिला समजावीन. आणि ती विचारणारच, “आईला ठाऊक होतं?” मी हो म्हणेन. ती तुमच्यावर चिडेल. कदाचित मलाही चालती हो म्हणेल. म्हणू दे. मी तिच्या जिन्यात बसून राहीन, पण तिला घेतल्याशिवाय परत यायची नाही, हे माझं तुम्हाला वचन.

तुमची सून,
कुमुद